राखीव आप्पा

जगात एखादी गोष्ट एकच असू शकते, हे आमच्या साडूंना कधी पटलेलंच नाही. त्यांच्या केडगावच्या घराच्या दाराला एकावर एक कुलपं असतात, प्रत्येक कुलपाच्या जादा किल्ल्या असतात, आणि त्या किल्ल्या ज्या कपाटात असतात त्याची किल्ली शेजाऱ्यांकडे असते. चप्पल पसंत पडली की त्याच मापाची आणखी एक जोडी ते लगेच घेतात, कारण कंपन्यांचा भरवसा नाही. आधारकार्डाच्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स त्यांच्याकडे आहेत. मूळ कार्ड मात्र इतक्या सुरक्षित ठिकाणी ठेवलंय की ते घरात कुणालाच सापडत नाही. पुणतांब्याला त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा त्यांनी जनरेटर दोन आणले, हे एक वेळ समजू शकतं. पण भटजीही दोन सांगितले होते. एक मंत्र म्हणत होते आणि दुसरे मांडवाच्या कडेला पाटावर तयारीत बसले होते. "ऐन टायमाला घसा बसला म्हंजी?" हे साडूंचं म्हणणं. घसा काही बसला नाही. राखीव भटजी पोटभर जेवले आणि पूर्ण दक्षिणा घेऊन मुख्य भटजींच्याच मोटारसायकलवर मागे बसून गेले.

साडू पाटबंधारे खात्यात कारकून आहेत, पण त्यांचा खरा जीव मोबाईलमध्ये. नवा फोन घरात आला की त्याला हळदकुंकू लागायच्या आत ते तो रूट करतात. रूट करणं म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलंय की आता मीही ते दुसऱ्याला समजावू शकतो. कंपनी आपल्याला फोन विकते, पण आतल्या एका खोलीला कुलूप घालून किल्ली स्वतःकडे ठेवते. ती किल्ली आपण बनवून घ्यायची. "घर आपलं आन माजघरात जायला परवानगी दुसऱ्याची, आसं कुठं आसतं का पाव्हणं?" या नादात त्यांच्या हातून बरेच फोन कायमचे गेले. आमच्या हिचाही एक गेला. तेव्हापासून ही त्यांच्या हातात साधी बॅटरीसुद्धा देत नाही.

त्यांचे वडील, आप्पा, म्हणजे नुसता आवाज होता. मार्केट यार्डात त्यांनी आयुष्यभर कांद्याचे लिलाव पुकारले. घरात पाणी मागितलं तरी शेजारच्या घरातलं माणूस उठायचं. पुढे तंबाखूनं घसा धरला, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज कायमचा गेला. तेव्हा साडूंनी आपला एक जुना, रूट केलेला फोन अक्षरं मोठी करून त्यांच्या हातात दिला. आप्पा कोऱ्या पानावर एका बोटानं लिहायचे, फोन समोरच्याच्या नाकाला लागेल इतका जवळ धरायचे आणि लगेच पाटी पुसावी तसं पुसून टाकायचे. लिहायचेही बोलल्यासारखंच. 'आमटीत मीठ न्हाई.' 'कोन आलं हुतं?' 'ह्या डाक्टरला काय बी कळत न्हाई.' पुसायची त्यांना एवढी घाई असायची की वाचणारा जरा रेंगाळला तर वाक्य हातचं गेलंच. मग आप्पाही गेले. एवढं लिहून माणूस गेला आणि मागे एक ओळ राहिली नाही.

दशक्रिया उरकली, पाहुणे पांगले. एके दिवशी साडूंनी तो फोन सहज उचलला आणि ऑफिसात कुणाला काही कळवायचं म्हणून 'मला' एवढं लिहिलं. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत पुढचे शब्द सुचवले जातात ना, तिथे 'चहा' आला. साडूंनी त्याच्यावर बोट ठेवलं. मग 'दे' आला. मग 'सूनबाई'. मग 'साखर', मग 'लई'. आप्पा पान पुसत होते, पण कीबोर्ड त्यांचे शब्द मनात ठेवत होता, एकामागे एक येण्याच्या सवयीसकट. साडूंनी लगेच मला फोन लावला. म्हणाले, "आप्पा हायेत आतमधी."

त्यानंतर ते सगळं काही त्याच फोनवरून लिहू लागले. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी एकदा लिहिलं, 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या पाणी येणार न्हाई मुडद्या.' अध्यक्ष चिडले, माफी मागा म्हणाले. साडूंनी मागितली नाही. तो मजकूर ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत राहिले. लोक हसले, मीही हसलो, पण ताई, म्हणजे त्यांची बायको, हसली नाही. "ह्यांचं लक्षण मला बरं दिसंना," असं ती आमच्या हिला म्हणाली.

आणि मग फोनची बॅटरी फुगली. मागचं झाकण टम्म होऊन सुटायला आलं. केडगावातल्या दुरुस्तीवाल्यानं फोन हातात घेतला आणि तसाच परत दिला. "ह्यो आता कवाबी झोपंल. काय काढायचं ते काढून घ्या," म्हणाला. फोटो असते तर कुणीही काढून दिले असते. पण कीबोर्डनं शिकलेले शब्द त्या कुलूपबंद खोलीत असतात, आणि तिथून ते आणायच्या वाटा तीन. पहिली, अख्ख्या फोनची एकसंध प्रत काढायची. पण त्यासाठी फोन एकदा बंद करून वेगळ्या पद्धतीनं चालू करावा लागतो, आणि बंद झालेला हा फोन परत उठेलच याची खात्री नाही. शिवाय ती प्रत दुसऱ्या जातीच्या फोनवर चालत नाही. दुसरी, एक ॲप टाकून फक्त कीबोर्ड त्याच्या सगळ्या चीजवस्तूंसह उचलायचा. पण नव्या फोननं तो स्वीकारला पाहिजे. तिसरी, वायर लावून कॉम्प्युटरवर फाईल ओढायची. पण चार्जिंगचं भोक सैल झालेलं, मध्येच वायर हलली तर हाती अर्धेच आप्पा येणार. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण कित्येक महिने साडू भेटले की दुसरा विषय नसायचा.

ज्या माणसानं आयुष्यात भटजीचासुद्धा बॅकअप घेतला, त्याचा हात या एका फोनपाशी अडला. ताई एकदा वैतागून म्हणाली, "आवं, इतकी वर्षं हेच तर करत आलाव ना? मंग आता काय झालं?" साडू म्हणाले, "आत्तापतुर चुकलं तर दुसरं हुतं." त्यांच्याकडे बघून मला पहिल्यांदाच त्यांच्यावर विनोद सुचेना. फोन चार्जरवरून काढायचा नाही, बंद पडू द्यायचा नाही, रोज थोडा वापरत राहायचा, म्हणून ते त्याच्यावरूनच निरनिराळ्या ग्रुपवर लांबलचक प्रश्न विचारत बसायचे. शुद्ध, ऑफिसच्या मराठीत. उत्तरं यायची, एकाचं दुसऱ्याशी जुळायचं नाही, की साडू पुन्हा नवा प्रश्न लिहायला घ्यायचे.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून बसले होते. त्यांनी तिन्ही वाटा धरल्या, एकामागून एक. फोन बंद करायची सर्वांत शेवटी. ॲपनं कीबोर्ड उचलला. वायर हलली नाही. फोन बंद झाला आणि परत चालूही झाला. काहीच चुकलं नाही. असा बिनचूक बॅकअप त्यांनी जन्मात घेतला नसेल. नव्या फोनवर कीबोर्ड बसवून झाला, ताई हातातलं काम टाकून येऊन उभी राहिली, आणि साडूंनी 'मला' लिहिलं.

पट्टीत 'पूर्ण' आलं. त्यांनी बोट ठेवलं. 'बॅकअप' आलं. मग 'घ्यायचा'. मग 'आहे'. 'हाय' नाही, 'आहे'.

त्यांनी 'आमटीत' लिहून पाहिलं, 'सूनबाई' लिहून पाहिलं. पुढे 'प्रत', 'सुरक्षित', 'कोणती पद्धत' असलंच काहीबाही येत राहिलं. जुन्या फोनवर बघितलं तर तिथेही तेच. बोट कुणाचं आहे हे कीबोर्डला कुठून कळणार? इतके महिने साडू त्याच्यावर आप्पांना कसं वाचवायचं हे विचारत होते, आणि आप्पांच्या शब्दांवर त्यांचेच शब्द चढत होते. हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. ताईनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला.

"आप्पा लिहून दावायचे ना," ते म्हणाले, "तवा मी आर्धंच वाचायचो. मान हलवायची आन सुटायचं. म्हनलं, आता निवांत वाचीन सगळं." मला फार वाईट वाटलं. मी ताईकडे चहा मागितला.

हल्ली ते भेटेल त्याला विचारत असतात. मार्केट यार्डात जाऊन हमालांना विचारून आले, आप्पांची दाढी करणाऱ्याला विचारलं, दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही विचारलं. लोकांना आठवतं तेही थोडंफार. कुणाला एखादी शिवी, कुणाला चहाचं काहीतरी. साडू मन लावून ऐकतात, मध्ये बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांच्या गॅलरीत बसलो होतो, तेव्हा माझी पाळी आली. "तुमाला कदी काय लिहून दावलं हुतं का हो आप्पांनी?"

दाखवलं होतं. आप्पांच्या शेवटच्या दिवाळीत, साडू आतल्या खोलीत कुणाचा तरी फोन उघडून बसले होते आणि मी आप्पांजवळ होतो. त्यांनी सावकाश लिहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. 'पोरगं माजं लई जपतं मला. पन जवळ बसत न्हाई.' मी वाचलं आणि त्यांनी पुसून टाकलं.

साडू माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पहिलं वाक्य सांगितलं. ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं, डोळे पुसले आणि विचारलं, "येवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.