चुकीची डिस्क

जिन्याखालच्या त्या दुकानाला पाटी नव्हती. बंद पडलेला कॉम्प्युटर काखोटीला मारून कुणी आलं, की गल्लीतलं कुणीही सांगायचं, "स्क्रूताईकडे जा." स्क्रूताई पन्नाशीला टेकलेली, एकटी राहणारी, जिभेला धार असलेली. "मी हातसुद्धा लावला नव्हता, आपोआप बिघडला," असं गिऱ्हाईक म्हणालं की ती म्हणायची, "हो ना, त्याला पाय फुटले असतील."

हे काम तिला थोरल्या भावानं शिकवलं. दादाच्या दुकानात ती अकरा वर्षं होती. मग एकदा कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकताना तिनं चुकीची डिस्क निवडली, आणि त्या माणसाच्या मुलीचे लहानपणापासूनचे सगळे फोटो पुसले गेले. दादानं भरल्या दुकानात तिला झापलं. "डोळे घरी ठेवून येतेस का? आधी डिस्क बघायची, मग बटण दाबायचं. किती वेळा सांगू?"

तिनं हातातलं काम तसंच टेबलावर ठेवलं आणि चालती झाली. मग सहा वर्षं गेली. तिनं फोन केला नाही, त्यानंही नाही. दादा वारला त्या दिवशी ती तिकडे गेली, पण गर्दीच्या मागे उभी राहिली आणि कुणाशी न बोलता परत आली.

दीड महिन्यानं वहिनी दुकानाच्या दारात उभी राहिली. टॅक्सीवाल्यानं दादाचा कॉम्प्युटर आत आणून ठेवला.

"ताई, हा मला घरात नको," वहिनी म्हणाली. "ह्यांनी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी याच्यात लिनक्स टाकलं. तेव्हापासून सुरू होत नाही. आणि रोज संध्याकाळी आपोआप सुरू होतो."

"वहिनी, काहीतरी एक सांग. होतो का होत नाही?"

"दिवा लागतो, पंखा फिरतो. पडदा मात्र काळा. त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकत राहते, कुणी काहीतरी सांगायला तोंड उघडावं आणि शब्द सापडू नये तशी. बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी. दुकान होतं तेव्हाची ह्यांची घरी यायची वेळ. मी त्या खोलीत पाऊल टाकत नाही."

"उद्या ये. बघून ठेवते."

स्क्रूताईनं वायर जोडली. सुरू करायला मात्र हात होईना. ती शेजारच्या शिवणक्लासचा प्रिंटर उघडून बसली. संध्याकाळी पाठीमागे पंखा घुरघुरला. तिनं वळून पाहिलं. काळा पडदा, पांढरी रेघ. घड्याळात सहा दहा.

"दादा?" तिच्या तोंडून निघून गेलं. आपलाच आवाज ऐकून ती ओशाळली.

मग तिनं कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन पाहिलं. रोज सहा दहाला सुरू व्हायची वेळ तिथे लावलेली होती. माणूस घरी येऊन हातपाय धुईपर्यंत मशीन तयार असावं, एवढाच हेतू. तिनं ती वेळ काढून टाकली. कारण कळलं, तरी अंगावरचा काटा बसेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी समोर बसली. स्क्रूताईनं आपल्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि आतली डिस्क तपासली. लिनक्स सगळं जागच्या जागी होतं. नव्हता तो फक्त बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू होताना लिनक्सला हाक मारून उठवणारा छोटा प्रोग्राम.

"दादानं ज्याच्यावरून लिनक्स टाकलं, तो पेनड्राइव्ह कुठे आहे?"

वहिनीनं पर्समधून काढून दिला. "शर्टाच्या खिशात होता. दवाखान्यातून चष्म्याबरोबर मिळाला."

तो लावल्याबरोबर मशीन सरळ सुरू झालं. स्क्रूताई बघतच राहिली. बूटलोडर डिस्कवर न जाता पेनड्राइव्हवर गेला होता. कुठे टाकू, असं विचारल्यावर दादानं चुकीची ओळ निवडली होती.

"दादा असं करणारच नाही," ती म्हणाली.

"त्यांना दिसत नव्हतं, ताई. उजव्या डोळ्यानं तर वर्षभर काहीच नाही. दुकान उगाच बंद केलं का?"

दुकान बंद झाल्याचं कानावर आलं, तेव्हा स्क्रूताईला मनातून बरं वाटलं होतं. ते आता तिला टोचलं.

"त्या दिवशी मशीन सुरू होईना, तर फोन हातात घेऊन बसले," वहिनी सांगत होती. "मी म्हटलं, लावा की ताईंना. म्हणाले, उद्या लावतो."

पडद्यावर मध्ये दादाचं नाव होतं, खाली पासवर्डची रिकामी चौकट. वरच्या पट्टीत मशीनला दिलेलं नाव इंग्रजी अक्षरांत होतं: चिमटी. दादा तिला लहानपणी चिमटी म्हणायचा. उघडलेल्या रेडिओत पडलेला स्क्रू तिची इवलीशी बोटं अलगद उचलून आणायची म्हणून. हे नाव आता जगात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तिनं पडदा वहिनीच्या बाजूकडून आपल्याकडे वळवला.

मग ती कामाला लागली. बूटलोडर डिस्कवर टाकायच्या आधी तिनं डिस्कचं नाव तीनदा मोठ्यानं वाचलं. पेनड्राइव्ह काढला तरी मशीन सुरू झालं.

"पासवर्ड माहीत आहे?"

"नाही. तुम्हाला उघडता येईल का?"

"दोन मिनिटांचं काम आहे."

वहिनी म्हणाली, "नको. असेल त्यांचं काही, नसेल काही." स्क्रूताईनं तिच्यासाठी वेगळं खातं उघडून दिलं आणि कॉम्प्युटर घरी पोचवायला स्वतः गेली.

त्याला आता तीन वर्षं झाली. वहिनी त्याच्यावर सोसायटीची पत्रं टाइप करते. शब्द अडला की स्क्रूताईला फोन करते, आणि दोघी भांडतात, कारण ऱ्हस्व-दीर्घात दोघीही कच्च्या. सुरू होताना पडद्यावर दोन नावं येतात, वहिनीचं आणि दादाचं न उघडलेलं. वहिनी स्वतःचंच नाव निवडते. स्क्रूताई एकटी त्या मशीनसमोर बसायचं टाळते. कुणी विचारलं तर सांगते, खुर्ची कडक आहे.