गिरजक्काचा फोटो

कर्नाटकातल्या गुंद गावच्या गिरजक्काला स्वतःचा फोटो बघायचा होता. हौस म्हणून नव्हे. त्या फोटोपायी तिची शेताची वाट बंद झाली होती, आणि पलीकडं भात कापणीला आलं होतं.

त्या वाटेवर, डोंगराच्या वळणावर, राखणदार देवाचं झाड आहे. तिथं पाल्याची डहाळी ठेवल्याबिगर कुणी पुढं पाऊल टाकत नाही. गिरजक्कानंही ठेवली. वाऱ्यानं पडू नये म्हणून खोडाभोवतीच्या पट्ट्यात खोवली. तो पट्टा निघाला वाघांचे फोटो काढणाऱ्या सरकारी कॅमेऱ्याचा. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर पाला आला, आणि वाघ राहिला बाजूलाच, फोटो निघाला गिरजक्काचा.

"मुद्दाम झाकलात. फोटोत दिसताय," जंगल खात्याचे साहेब म्हणाले. "केस मिटेपर्यंत त्या वाटेनं जायचं नाही."

"मग दाखवा की फोटो. आधी मी हात जोडले व्हते, मग डहाळी ठेवली. त्ये बी दिसंल त्यात."

"दाखवता येत नाही, अक्का. गुप्त असतो."

"माझं तोंड माझ्यापास्नंच गुप्त?"

"वाघाची जागा फुटली तर शिकारी येतील."

"वाघ कुठनं जातो त्ये आमची शेरडं बी जाणत्यात."

पंचायतीचा मेंबर गुरुदास यानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. वरनं उत्तर आलं, देता येत नाही. मग ग्रामसभेत त्यानं साहेबांनाच धरलं. कॅमेरे कुठं कुठं लावलेत? पाणवठ्यावर जाणाऱ्या बायकांचे फोटो कोण बघतं? पंचायतीला विचारलं होतं का?

"ही माहिती देण्याचा मला अधिकार नाही," साहेब म्हणाले.

"बघायचा हाय तेवढा," गुरुदास म्हणाला.

मागनं झिलू ओरडला, "वाघानं अर्ज केला तर मिळंल व्हय?"

सभा हसली. गिरजक्का हसली नाही. आदल्या रात्री गव्यांनी शेताची एक कड लोळवली होती.

सभा उठल्यावर साहेबांनी तिला हळूच बाजूला घेतलं. 'मुद्दाम झाकला, चूक झाली' एवढं लिहून सही केली की वाट आजच मोकळी.

"मुद्दाम न्हाई झाकला."

"मग केस चालू दे. वर्ष जाईल."

गुरुदास नको नको म्हणत होता. पण त्याचं शेत वाटेच्या अलीकडं होतं. गिरजक्कानं सही केली.

"आता तरी दाखवा."

साहेबांनी कागदाची घडी घातली. "आता केसच मिटली, अक्का. फोटो कशाला हवा?"

गिरजक्काला शिव्या येत होत्या, मराठीत आणि कन्नडातही. पण अंधार पडला की गवे परत येणार होते. ती तशीच शेताकडं निघाली.