लूम थांबली तेव्हा

"मॅडम, लडके का दाखला दे दो," श्रीनिवासचे वडील स्टाफरूमच्या दारातच उभं राहून म्हणाले. रात्रपाळी करून तसेच आले होते. केसांत कापसाचा भुगा होता, डोळे लाल.

त्यांचा मुलगा माझ्या वर्गात, नववीत. गणितात हुशार. दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा कागद, आणि तो एकदा हातात पडला की भिवंडीतली बरीच मुलं पुन्हा कुठल्याच शाळेत दिसत नाहीत. पोरगा शाळेत जायला तयार नाही, मग घरी बसून काय करणार, कापडाच्या लूमवरच लावतो, असं त्यांचं म्हणणं. कारण विचारलं तर म्हणाले, "घर पे भी बोलना बंद किया है उसने." मी त्यांना चार दिवस थांबायला सांगितलं.

श्रीनिवास बोलताना अडखळायचा. पहिला शब्द बाहेर पडला की पुढे सुरळीत, पण तेवढा धीर नववीतल्या पोरांना कुठला? त्यातही एकाला तर अजिबात नव्हता. निलेश पाटील, जवळच्या कोन गावचा. अंगानं दांडगा, तोंडानं गोड, कबड्डीत शाळेचा कॅप्टन. वडिलांची हायवेला गोडाऊनं. आमच्या वर्गांतले पंखे त्यांनीच दिलेले.

मी वर्गात एकेकाला विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, "बाई, आम्हाला काय ऐकू नाय आलं."

हे खोटं म्हणता येईना. आमच्या वर्गाच्या मागच्या भिंतीला लागून पॉवरलूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना होता. ज्यांनी लूमचा आवाज ऐकला नाही त्यांना सांगते, शेजारचा माणूस कानात ओरडला तरी अर्धंच कळतं. मागच्या बाकांवर माझं शिकवणंसुद्धा पोचायचं नाही, आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करायचं नाही.

हेडमास्तरांकडे गेले. ते म्हणाले, "पुरावा काय? पाटीलशेठ कालच भेटले. म्हणाले, पोरं आहेत, मस्ती करणारच." मग म्हणाले, "आणि बाई, पंखे बंद पडले तर मी कोणाकडे जाऊ?"

मला भयंकर राग आला. पण रागानं पुरावा मिळत नाही. घरी जाताना मला माझी आत्या आठवली.

माझं माहेरही लूमच्या शेजारचं. तेव्हाही आणि या प्रकरणाच्या वेळीही लोडशेडिंगचे दिवस होते, वीज ठरलेल्या वेळी जायची. लूमच्या शेजारी वाढलेलं मूल बोलायला लागलं की हेही शिकतं, लाइट जायची वेळ झाली की आवाज खाली आणायचा. कारण लूम एकदम थांबते आणि तुमचं ओरडून चाललेलं वाक्य अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. आत्या एकदा विसरली आणि तिचं सासूबद्दलचं मत सासूसकट सगळ्यांना कळलं. निलेश मात्र गोडाऊनवाल्यांचा. गोडाऊन कुठे आवाज करतं?

मी पाटीलशेठना निरोप धाडला, पंखे कसे चाललेत ते बघायला या, सरही बरोबर असतील. वेळ दिली मधल्या सुट्टीनंतरची, लाइट जायच्या जरा आधीची. लाइटची ही वेळ त्याच आठवड्यात बदललेली, लूमवाल्यांच्या घरी लगेच कळलेली. श्रीनिवासच्या घरी जाऊन त्याला म्हटलं, "उद्या एक दिवस ये. पुढचं माझ्याकडे." त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मी फळ्याकडे वळून पचनसंस्थेची आकृती काढायला घेतली. जठर झालं, लहान आतडं संपता संपेना. तेवढ्यात मान जरा वळवून बघितलं, तर मागच्या बाकांजवळच्या दाराशी सर आणि शेठ येऊन उभे राहिले होते. लूमची खटखट चालू होती. वर्गातली लूमवाली पोरं आपोआप गप्प झाली होती. आणि लाइट गेली.

"...बोल की रं तोतऱ्या, ब-ब-बोल. उद्या आलास तर सगल्यांसमोर चड्डी उतरवीन तुजी."

पंखा अजून फिरत होता, तेवढाच काय तो आवाज. निलेशनं मागे बघितलं आणि बापाला बघून त्याचा चेहरा पांढरा पडला. शेठ झपाट्यानं आत आले, हात उगारलेला. मी मधे जाऊन उभी राहिले.

"शेठ, हात खाली घ्या. मोठ्यानं लहानाला असंच गप्प करायचं असतं, हे त्याला कुठेतरी दिसल्याशिवाय तो शिकला नाही."

त्यांचा हात खाली आला. "मी सरांना मस्ती बोललो व्हतो," ते हळूच म्हणाले. "ही मस्ती न्हाय."

मग शेजारच्या ओळीतली रुखसाना उठली. "बाई, आम्हाला ऐकू नव्हतं येत, ते खरंय. पण दिसायचं. लूमवाल्यांना ओठ कळतात. सगळ्यांना माहीत होतं."

कोणी मान वर करेना. तेव्हा श्रीनिवास उभा राहिला. पहिला शब्द निघायला खूप वेळ लागला. कोणी हसलं नाही, कोणी वाक्य पुरं करून दिलं नाही. लूम बंद होती आणि सगळा वर्ग थांबला होता.

"म... म... मी उद्या येणार."

आणि आला. दाखला मागायला पुन्हा कोणी आलं नाही. निलेशचं कॅप्टनपद त्या वर्षापुरतं गेलं. शेठ मात्र दर महिन्याला येऊन निलेशच्या वागण्याची चौकशी करायचे, पंख्यांचं नावही न काढता.

मी तेवढा एक बदल केला. आकृत्या आता मुलांना काढायला लावते आणि स्वतः मागच्या बाकाशी उभी राहते. लूमशेजारी वाढलेल्या मलाही ओठ कळतात, पण फळ्यावर ओठ नसतात.