ब्रुनो उन्हानं नाही, म्हातारपणानं गेला

हाफ्-हूफ्, हाफ्-हूफ्.
लोहाराच्या भात्याचा आवाज आठवतो कुणाला? आमच्या शाळेच्या खिडकीतून यायचा. आम्ही बाकावर बसून कविता घोकायचो आणि बाहेर भाता आपोआप ताल धरायचा.

म्हातारपणी तोच आवाज माझ्या पडवीत आला. दर मे महिन्यात, दुपारभर. आमच्या ब्रुनोच्या धापेचा.

आज पहाटे तो थांबला.

पण ऐका. ब्रुनो उन्हानं नाही गेला. रात्री पोटभर पेज जेवून, आपल्या जागेवर, चांगला म्हातारा होऊन गेला.
आम्ही जिंकलो!

ब्रुनो म्हणजे मुलाचा लॅब्रॅडॉर. मुलगा परदेशी गेला आणि कुत्रा मालवणात आमच्याकडे आला. त्याच्या अंगावर थंड मुलखाची लोकर, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात भिंतींनासुद्धा घाम.
नाव ऐकून सुलभा, माझी बायको, म्हणाली होती, "ब्रुनो? बरा झाला. नाव तरी मालवणी आसा!" आमच्याकडच्या ख्रिस्ती वाड्यांत घरटी एक ब्रुनो असतो.

चार वर्षांपूर्वी, ऐन मेमध्ये, सुलभाच्या हृदयाची झडप बदलायचं ठरलं. मुंबईला. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका.

ती म्हणाली, "ब्रुनोची सोय झाल्याबिगर मी जावचंय नाय."

मी विनवलं. चिडलो. मुलाचा व्हिडिओ कॉल आला. "आई, अगं हार्टचा प्रश्न आहे!"
"मगे? तो काय कपाट आसा, कुलूप घालून जावक?"

शेवटी मीच हायवेवरचं एक ठिकाण बघून आलो. एसी खोल्या, कॅमेरे, मोबाईलवर आपला कुत्रा लाईव्ह दिसणार! मी एकदम खूश.

सुलभानं एवढंच विचारलं. "लाईट गेल्यार?"

फोन लावला. मालक बिचारा खरं बोलला. "इन्व्हर्टरवर कॅमेरे चालतात काका, एसी नाही. पण लाईट लगेच येते."

लगेच येते! मालवणात! मे महिन्यात! तारेवर माडाचं एक झावळं पडलं की अख्खी वाडी पंखे घेऊन पडवीत बसते, तेही हातातले.

"म्हणजे," सुलभा म्हणाली, "तो गुदमारताना तुमका लाईव्ह दिसतलो."

मग कळलं की जवळच्या कट्टा गावाच्या वाटेवर शुभांगी नावाची एक बाई घरातच कुत्री सांभाळते. एका वेळी दोन-तीनच. मी म्हटलं, ऊन उतरलं की संध्याकाळी जाऊ.
"सांजचा खंयचाय घर थंड लागता. आताच चला."

भर दुपारी रिक्षा केली. तिचा एक हात स्वतःच्या छातीवर, दुसरा ब्रुनोच्या गळ्यात.

न कळवता दारात हजर. शुभांगी झोपेतून उठून आली, केस विस्कटलेले. तिचे सासरे तातू उघडेबंब पडवीत पहुडलेले. सुलभा थेट मागल्या दारी गेली.
तिथं फणसाची दाट सावली. सारवलेली जमीन. विहिरीच्या पाण्यानं भरलेली दगडी डोण. आणि शुभांगीची स्वतःची कुत्री चारी पाय पसरून घोरत होती.

सुलभानं ब्रुनोची साखळी सोडली.

तो घरभर हुंगत फिरला आणि त्या कुत्रीशेजारी, पोट जमिनीला लावून, आडवा झाला.
आम्ही नुसते बघत उभे.
हळूहळू भाता मंदावला. मग ब्रुनोनं तोंड मिटलं.

"हंयच रवतलो," सुलभा म्हणाली. आणि खाली बसली. "आता माका वायच पाणी दी गो बाय."

मी खाण्यापिण्याच्या सूचना दिल्या. शेवटची जरा लाजत सांगितली. "दिवेलागणीला मी त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. त्याशिवाय झोपत नाही तो."
तातू खो-खो हसले. "कविता माका येणत नाय ओ भाऊ. देवाक घालतंव ता गाऱ्हाणा चलतला?"

ऑपरेशनच्या सकाळी शुभांगीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे आदल्या दिवसापासून लाईट नव्हती. तिनं कट्ट्याला जाऊन मोबाईल चार्ज करून आणला होता. ब्रुनो ओल्या गोणपाटावर ऐसपैस पसरलेला. समोर नारळ, आणि हात जोडून तातू.

"बा देवा म्हाराजा! ह्या मुक्या पोराची आवस आज ऑपरेशनाक जाता हा. तिका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!" घरातले सगळे ओरडले.
"भो!" ब्रुनो ओरडला.

नर्सबाईंना हसू आवरेना. सुलभा हसत हसत आत गेली. स्ट्रेचरवरून.

आणि परत आली.

त्याला आणायला गेलो तेव्हा वाटलं, उडीच मारतो आता तिच्या अंगावर. नाही. जवळ येऊन थबकला, तिच्या छातीशी नाक नेऊन हुंगलं आणि पायाशी बसला.

त्यानंतर माझ्या कवितांना तो झोपेनासा झाला. रोज संध्याकाळी सुलभाचं गाऱ्हाणं लागायचं. आयुष्यभर जपलेल्या माझ्या सगळ्या कविता एका गाऱ्हाण्यानं चीत केल्या! असं हरायला भाग्य लागतं.

पुढचे सगळे उन्हाळे ब्रुनोनं काढले. सुलभानंही.

ब्रुनो, बाळा, परसात सुरंगीच्या झाडाखाली तुला ठेवलंय. तिथं दुपारभर सावली असते. नीज आता.

हे लिहितोय तर दारात कुणीतरी. एसटीचा कंडक्टर, खाकी गणवेशात. ओळख ना देख. हातात आंब्याची पेटी, आणि पेटीतून म्यांव.
"शुभांगीन तुमचो पत्तो दिल्यान. तिच्याकडे जागा नाय. बायल बाळंतपणाक कोल्हापुराक आसा, डॉक्टर माका ताबडतोब बोलयतत. घरात दुसरा कोण नाय..."

सुलभा उठली. डोळे रडून सुजलेले.
"आदी आत ये रे. उन्हात उभो रव नको."
तिनं पेटी त्याच्या हातातून काढून घेतली.
"नाव काय ह्येचा?"