सगळ्यायले मालूम हाये

माझ्या नावाने जी एक युक्ती गणिती भौतिकशास्त्रात चालते, ती माझी नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही, बायकोलासुद्धा नाही. ती बिचारी अजून पाहुण्यांना सांगते, "यांच्या पेपरचा दाखला रशियात देतात."

देतात, हे खरे. एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवत होतो. माझा प्रश्न होता वितळणाऱ्या मेणाचा. एका बाजूने उष्णता दिली की घट्ट आणि पातळ यांच्यामधली कड पुढे सरकते. ती कोणत्या क्षणी कुठे असेल? मी त्या कडेमागे धावत होतो आणि ती आपली माझ्यापुढेच.

माझा मित्र अकोल्याच्या कॉलेजात होता. मूळचा हिवरखेडचा, घरची शेती. एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर बसलो. रविवारी तो बसने यायचा आणि स्टँडजवळच्या हॉटेलात गिला वडा खात आम्ही समीकरणे सोडवायचो. वर्गातही तो वऱ्हाडीतच शिकवी. पुण्याहून आलेले त्याचे प्राचार्य त्यापायी हैराण.

एका रविवारी माझे रडगाणे ऐकून तो म्हणाला, "पंडत, समज तू परतवाड्याले बसची वाट पाहून राहिला. बस आता कुठं असन, हे विचारतं का कोणी?"

"मग काय विचारतात?"

"इथं कवा येईन, हे विचारते ना बे! कड कुठं हाये ते सोड. एकेका जागी ते कवा येईन, ते काढ."

वर्तमानपत्राच्या कोऱ्या पट्टीवर त्याने चार ओळी लिहिल्या आणि समीकरण शहाण्या मुलासारखे सरळ बसले. मी बघतच राहिलो. माझा चेहरा पाहून त्याने वडा पुढे सरकवला. "जाऊ दे ना. हे तं सगळ्यायले मालूम हाये."

हे त्याचे पालुपद होते. कोणाला नवे काही सांगितले की शेवटी हे जोडायचे, म्हणजे समोरच्याला ओशाळे वाटत नाही. पाहुण्याच्या ताटात पोळी टाकताना "लहानशीच आहे" म्हणतात ना, तसे. त्याचा अर्थ म्हणणाऱ्याला ठाऊक असतो, ऐकणाऱ्यालाही. मलाही होता.

तरी पेपर टाइप करताना माझी बोटे थबकली. त्याचे नाव तळटीपेत मावणार नव्हते. माझ्या नावाशेजारी, वरच घालावे लागले असते. मग माझे म्हणून मेणाखेरीज काय उरत होते? सर्वांना माहीत असलेल्या गोष्टीला कोणाचे नाव जोडावे लागत नाही. मी लिहिले, 'इट इज वेल नोन', आणि पुढे त्याच्या चार ओळी. त्याचेच शब्द, फक्त इंग्रजीत.

पेपर विलायतेत छापून आला. लेखाची प्रत मागणारी परदेशी कार्डे पोस्टमन आणू लागला. मग इतरांच्या लेखांच्या शेवटी माझे नाव दिसू लागले, पुढे तर मजकुरातच 'अमक्याची युक्ती' म्हणून. मेणाचे कोणी नावही काढीना. मी विभागप्रमुख झालो. मित्राला पेपरची प्रत मी दिली नाही, आणि त्यानेही मागितली नाही.

तो सावकाश पीएच.डी. करत होता. ती युक्ती त्याने माझ्या कितीतरी पुढे नेली होती आणि सगळा प्रबंध तिच्यावरच उभा होता. त्यातला लेख त्याने विलायतेला पाठवला. तो परत आला. परीक्षकाचा शेरा होता: मूळ कल्पना सर्वांना माहीतच आहे, पाहा, आणि पुढे माझे नाव.

तो शेरा घेऊन तो रविवारी आला. "काहून बे पंडत, कोणाले मालूम होतं?"

मी म्हणालो, "तूच म्हणायचास, सगळ्यांना."

तो इतक्या मोठ्याने हसला की गल्ल्यावरचा मालकही हसू लागला. "मी तं उगीच म्हणत होतो बाप्पा! तू खरं करून दाखवलं."

प्रबंध त्याने पुन्हा उघडला नाही. रविवारी येतो अजून. वडा खातो, कापसाचे भाव सांगतो. गणितातले मात्र काही सांगत नाही, आणि ते पालुपदही पुन्हा कधी ऐकू आले नाही.

माझा पेपर छापणाऱ्या नियतकालिकाचा पत्ता मला पाठ आहे. तिथे एक वाक्य छापून यायला हवे: ती युक्ती सर्वांना माहीत नव्हती, ती माझ्या मित्राची होती, आणि पुढे त्याचे पूर्ण नाव. इथे नाव लिहून भागणार नाही. इथले वाचक दाखले देत नाहीत. ते वाक्य मी त्याला देणे लागतो. अजून लिहिलेले नाही.