कुणी उभं केलंय?

लोकसभेला अपक्ष उभा राहिलो तेव्हा लोक हसतील एवढी तयारी ठेवली होती. संशय घेतील हे डोक्यातच आलं नव्हतं. मी शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीतून निवृत्त झालेला माणूस. दर पुराला सामान माळ्यावर चढवून कंटाळलो होतो आणि दिल्लीत आमच्या पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं, म्हणून अर्ज भरला. चिन्ह मिळालं बादली. पुराचं पाणी बादलीनं उपसणार काय, ही चेष्टा मलाही आवडली.

पण जयसिंगपूरला गेलो, कुरुंदवाडला गेलो, तरी प्रश्न एकच. "तुमास्नी कुणी उभं केलंय?" मी सांगायचो, कुणी नाही, मी माझा उभा राहिलोय. माणसं मान डोलवायची आणि एकमेकांकडं बघून गालात हसायची. आमच्याकडं अपक्ष उभा राहत नाही, त्याला कुणीतरी उभं करतं, दुसऱ्याची मतं खायला. माझ्या पाठीशी कुणी नाही, हीच माझी एकुलती मिरवायची गोष्ट होती आणि नेमकी तीच कुणाला पटेना. रागानं मस्तक फिरायचं.

पुढं पुढं तो रोग मलाच जडला. मागं उभा राहून फोटो काढणारा कुणाचा? चहावाला आज एवढा गोड का बोलतोय? आमचा सगळा प्रचार माझ्या शाळेपासूनच्या मित्राच्या रिक्षावर चालला होता. तोच चालवायचा, तोच भोंग्यावरनं ओरडायचा. पण फोन आला की तो रिक्षातून उतरून लांब जायचा. मी रिक्षातनंच त्याच्यावर नजर ठेवायचो. पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटायला लागलं होतं.

त्यातच त्याच्या गावची म्हाई आली. देवीची जत्रा, घरोघरी मटणाचं जेवण, आणि दारात आलेल्याला उपाशी परत पाठवायचं नाही ही रीत. मी नेहमीसारखा गेलो. अंगणात पंगतीवर पंगती उठत होत्या. एका पंगतीत तगड्या उमेदवाराची दोन माणसं बसली होती, आणि माझा मित्र हसत हसत त्यांच्या ताटात स्वतःच्या हातानं तांबडा रस्सा वाढत होता. माझा घास तोंडातच फिरायला लागला. तेवढ्यात शेजारचा एक म्हातारा हात चाटत म्हणाला, जेवण झ्याक दिलंसा साहेब, बादलीला नक्की.

मी जेवण दिलंच नव्हतं. मग माझ्या नावावर कुणी दिलं? एवढी माणसं एका रिक्षावाल्याच्या दारात कशी जेवतात? सगळे धागे जुळल्यासारखे वाटले. मी ताटावरनं उठलो. तो घरामागच्या परड्यात चुलीजवळ रस्सा ढवळत होता, तिथं जाऊन त्याला विचारलं, "ह्ये जेवण कुणी दिलं?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. पळी त्यानं हळूच पातेल्याच्या काठावर ठेवली.

"आईनं. दरसाल देती. शाळंत हुतास तवापासनं जेवतूयास की. कवा इचारलं न्हाईस."

तो बादली उचलून दुसऱ्या पंगतीला रस्सा वाढायला गेला. माफी मागावी असं मनात आलं, पण एवढ्या माणसांत मागितली नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही मी तगड्या उमेदवाराच्या त्या दोघांकडंच बघत होतो.

सकाळी आता काही तो येत नाही, असं धरून चाललो होतो. पण रिक्षा वेळेवर दारात आली, भोंगा बांधून. एरवी तो मला हाक मारायचा ती चारचौघांत लिहिण्यासारखी नसे, आणि मलाही त्याशिवाय करमायचं नाही. आमच्याकडं नाव-गाव माहीत नसलेल्या परक्या माणसाला 'पावणं' म्हणतात. त्यानं माझ्याकडं न बघता मागची सीट फडक्यानं पुसली.

"बसा पावणं," तो म्हणाला. "कुठं सोडू?"