दोन वाजून वीस मिनिटांचा हल्ला

"ती नेटवर्कची पेटी काढ म्हणतोय ना मी!"

"नाही काढणार, उमेरभाय."

"इशरत, सलग दुसरा शुक्रवार! तिकडे स्पेनचं गिऱ्हाईक कागद मागतंय आणि इकडे माझाच संगणक मला आत घेईना. ही राखणदार आणलीय की सासू?"

"सासूनं निदान नाव घेऊन हाकललं असतं. ही पत्ता बघून हाकलते."

"चेष्टा नकोय! काढायची नसेल तर नुसती बघायला ठेव. बघ म्हणावं, अडवू नको."

"म्हणजे चोर शिरताना पाहायचं आणि वहीत लिहायचं, 'आज चोर आला, निळा शर्ट होता'? त्यासाठी पेटी कशाला? मीच बसते दारात स्टूल टाकून."

उमेरभायनी टेबलावर हात आपटला. ते आमचे निर्यात-व्यवस्थापक. "पुढच्या शुक्रवारपर्यंत मुदत. त्या दिवशी पुन्हा बंद पडलं तर पेटी मुंबईला परत, आणि नेटवर्कचं काम मुंबईच्याच कंपनीला. तू आपली पूर्वीसारखी टायपिंगला बस."

साल २००६. रत्नागिरीच्या एमआयडीसीतली आमची कंपनी कोलंबी सोलून, गोठवून परदेशी पाठवायची. मी पॅकिंगच्या याद्या टाइप करायचे आणि माझं टेबल इशरतआपाच्या शेजारी होतं. आज जे काही मला येतं, ते त्या शेजारामुळे.

आपा पूर्णगडची. वडील जहाजावर खलाशी, अम्मी याच कंपनीत कोलंबी सोलायला. अठ्ठ्याण्णव साली आपा टायपिस्ट म्हणून लागली. संगणकाच्या जोडण्या तिनं इंग्रजी पुस्तकं आणि एक फाटका शब्दकोश यांच्या आधारानं शिकून घेतल्या. मी काही विचारलं की ती कधी "तुला नाही कळायचं" म्हणाली नाही. ही नवी पेटी आली तेव्हाही मी विचारलंच, "आपा, आपल्याकडे फायरवॉल आहे ना? मग ही कशाला?"

"फायरवॉल म्हणजे दार. कोण आलं एवढंच बघतं. ही बघते की आलेला माणूस आत येऊन काय करतोय. चाळे दिसले की जागच्या जागी मनगट धरते."

पेटीसाठी ती एवढी हट्टाला का पेटली होती, हे उमेरभायही जाणून होते. तीन वर्षांपूर्वी नेटवर्कमध्ये एक किडा, म्हणजे संगणकाचा विषाणू, शिरला होता. लेबलं छापायचे संगणक तीन दिवस बंद. लेबल नाही तर माल नाही, माल नाही तर सोलणं नाही. दीडशे बायकांना फाटकावरूनच परत पाठवलं, त्यात आपाची अम्मीही होती. "अम्मी तीन दिवस डबा भरून निघायची आणि भरलेला डबा घेऊन परत यायची," आपा एकदाच म्हणाली होती.

सोमवारपासून तिनं पेटीच्या नोंदींचे कागद टेबलभर पसरले. दोन्ही शुक्रवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी पेटीनं एकच गोष्ट लिहिली होती: एका मिनिटात वीसपेक्षा जास्त वेळा आत शिरण्याचा प्रयत्न, पासवर्डचा हल्ला, पत्ता बंद. आणि नेटवर्कवरचा तो पत्ता होता आमच्याच ऑफिसच्या इमारतीचा. ती अख्खी इमारत पेटीला एकाच पत्त्यानं दिसायची, त्यामुळे एकदम सगळेच बाहेर. मुंबईहून पेटी बसवायला आलेल्या माणसानं वीसचा आकडा ठेवला आणि संध्याकाळची गाडी पकडली होती.

"आपल्यातलंच एखादं यंत्र बिघडलंय. कुणीतरी बाहेरून त्याच्यावर कब्जा केलाय," आपा पुटपुटत होती. दोन दिवस तिनं एकेक संगणक उघडून तपासला. काहीच सापडेना.

मंगळवारी कँटीनच्या सोनूबाई चहा घेऊन आल्या. "काय गो, जेवलीस तरी काय?"

"सोनूबाय, शुक्रवारी दोन-वीसला कुणीतरी आपल्यावर धाड घालतंय, आणि मला चोर मिळत नाहीये."

"धाड?" सोनूबाई हसल्या. "दोन-वीसला माज्यावर पण येते की! आठवडाभर चहा दोन-दोन, चार-चार कप जातो. शुक्रवारी तुमचे बापये नमाज पढून आले की एका दमात सव्वीस कप. किटली पुरत नाय मला."

आपाचा हात कागदावर थांबला. "किती म्हणालात?"

"सव्वीस. मोजून ओतते मी."

आपानं कपाळाला हात लावला आणि इतकी हसली की कप हिंदकळला. "जुम्मा! या अल्ला, जुम्मा! मी स्वतः त्या वेळी वरच्या खोलीत नमाजला असते, आणि इथे बसून चोराचा मुलूख शोधतेय!"

आता सगळं उलगडलं. बापये सव्वा वाजता निघायचे. अर्धा तास हात लागला नाही की संगणक आपोआप बंद व्हायचे. दोन-वीसला सव्वीस जण एकदम खुर्चीत बसायचे आणि एकदम पासवर्ड टाकायचे, त्यात दोघा-तिघांचा चुकायचा. पेटीला वाटायचं, दरोडा पडला.

बुधवारी आपानं तालीम लावली. जुनाच आकडा ठेवून सव्वीस जणांना टेबलाशी बसवलं. मी मध्ये उभी राहून मोजलं, "एक, दोन, तीन!" पडदा पडावा तसं सगळं बंद. मग तिनं आमच्या इमारतीपुरता, तोही फक्त लॉगिनचा आकडा वीसचा साठ केला. बाकी एकाही नियमाला हात लावला नाही. पुन्हा एक, दोन, तीन. सगळे आत.

"आता तू चोर हो," आपा मला म्हणाली.

मी एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन आमच्या मेलला भराभर चुकीचे पासवर्ड टाकले. बाहेरच्या पत्त्याला मुळातच सहा चुकांचीच मुभा होती; सहावा घेतला, सातव्याला पान गोठलं. मी बाहेरच्या पीसीओवरून फोन लावला. "आपा, मला हाकललं!"

"अल्हम्दुलिल्लाह!" ती इतक्या जोरात ओरडली की पीसीओवाल्यालाही ऐकू गेलं.

शुक्रवारी दोन-वीसला उमेरभाय हाताची घडी घालून आपाच्या टेबलाशीच येऊन उभे राहिले. खुर्च्या सरकल्या, कळफलक वाजले, कुणी म्हणालं, "आलं रे!" स्पेनचे कागद दोन-पंचविसाला गेले.

आपानं अहवाल पुढे केला. उमेरभाय वाचता वाचता अडले. "'कारण कोणी शोधले: सोनूबाई, कँटीन'? हे हेड ऑफिसला पाठवू? हसतील आपल्याला!"

"हसू देत. त्यांनी सांगितलं नसतं तर मी आज टायपिंगला बसले असते, आणि उद्या कुठला किडा आला असता तर दीडशे बायका फाटकाबाहेर असत्या. ते नाव नाही काढणार मी."

"आणि चोरांच्या जागी आमची नावं? 'हल्लेखोर: नमाजहून परतलेले कर्मचारी'?"

"तुमचं पहिलं आहे, उमेरभाय. दोन्ही शुक्रवारी पहिला चुकलेला पासवर्ड तुमचाच होता."

ऑफिसात खसखस पिकली. उमेरभायनी पेन काढलं, अहवालावर सही केली, सोनूबाईंच्या नावाखाली एक ठळक रेघ ओढली.

"मग पेटी राहणार ना, उमेरभाय?" आपानं विचारलं. "आणि मी?"

त्यांनी कागदाची घडी घातली, ती खिशात ठेवली, "तुम्ही दोघी इथंच," म्हणाले आणि अहवाल हेड ऑफिसला पाठवायला फॅक्सच्या खोलीकडे निघून गेले.